बिजलीचा क्रेट: कडीचं कोडं सुटलं

बिजली म्हणजे आमचं साडेतीन महिन्यांचं मुधोळ हाउंड जातीचं पिल्लू. तिला क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्यात, शांत राहायला शिकवणं चाललंय. मागच्या नोंदीत गाडी अडली होती ती दाराच्या कडीवर. दार उघडं असलं की बिजली आपणहून आत जाते, ताटली आतच चाटूनपुसून साफ करते, दुपारी आतच पसरते. खरं कडी सरकली की जांभया, ओठ चाटणं, धापा आणि मग रडं. आता ते सुटलंय! कडी लावलेल्या क्रेटमध्ये ती चाळीस मिनिटं सलग झोपली आणि उठल्यावरही गप्प पडून राहिली.

दार बंद होण्याचा त्रास नव्हताच. दार ओढून हातानं धरलं तर ती जागची हलत नाही. उलट रिकाम्या क्रेटची कडी सरकवली, तरी पलीकडच्या खोलीत कान टवकारून उभी राहते. म्हणजे भीती आवाजाची. घडीचा तारेचा क्रेट, आत पत्र्याचा ट्रे, खाली शहाबादी फरशी. कडीचा एक ठोका अख्ख्या पिंजऱ्यात घुमतो.

म्हणून आधी आवाज मारला. सायकलच्या जुन्या ट्यूबची अर्धा इंच रुंद पट्टी कडीच्या खाचेत बाहेरच्या बाजूनं बसवली, तोंड पोचणार नाही अशी. ट्रेखाली रबरी मॅट. मग कडी लावून १ सेकंद, पुढे ३, २, ५, १, ८, ४ असं. आकडे चढतेच ठेवले तर दर खेपेला आधीपेक्षा अवघड जाणार हे पिल्लू लगेच ओळखतं आणि आत जायलाच कां-कूं करतं. अधूनमधून सोपी खेप हवीच. ओठ चाटणं दिसलं की पुढची खेप निम्म्यावर.

बक्षीस म्हणजे उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा चण्याएवढा तुकडा, तोही दार बंद असतानाच तारेतून आत. बाहेर आल्यावर काही द्यायचं नाही, नाहीतर आत राहण्यापेक्षा बाहेर येणंच भारी ठरतं. आलेल्या पाहुण्यांना ‘तिला कुंदा (खव्याची मिठाई) भरवू नका’ म्हणून बजावून ठेवा.

रडण्याचे प्रकार वेगळे ओळखावेत. थांबत थांबत, तुमच्याकडे बघत केलेली कुरकुर असेल तर दोन-तीन सेकंदांची शांतता मिळताच उघडा. झोपेतून उठून हुंगत फेऱ्या सुरू झाल्या तर ती लघवी. लगेच पट्टा लावून, न बोलता, न खेळता बाहेर आणि परत आत. लाळ गळणं, तार चावणं, नखांनी खरवडणं ही घबराट आहे. तिथे वाट बघायची नाही, दार उघडायचं आणि दोन पायऱ्या मागे यायचं. ‘रडून रडून गप्प होईल’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो, तो साफ चुकीचा आहे. ते पिल्लू थकून गप्प होतं आणि दुसऱ्या दिवशी क्रेटपाशी फिरकत नाही.

हे लिहितानाच एक सुचलं. आवाज कायमचा मारून चालणार नाही. दवाखान्यातला पिंजरा असो की रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधला डॉग बॉक्स, लोखंडी कडी वाजणारच. मग कडीलाच क्लिकर, म्हणजे ‘टक्’ वाजलं की खाऊ येणार हे शिकवणारं साधन, का करू नये? दार सताड उघडं, बिजली बाहेर, कडी हळू सरकवायची आणि लगेच काळीज. आवाज आधी, तुकडा नंतर; क्रम उलटला तर जोडणी होत नाही. आधी दुसऱ्या खोलीतून, मग जवळून, शेवटी ती आत असताना. आवाजाला दचकण्याऐवजी ती तुकड्यासाठी वळून बघायला लागली की ट्यूबची पट्टी काढायची. रात्रीचा क्रेट हॉलमध्ये हलवायचा बेत तोवर रद्द, तो पलंगाशेजारीच राहील.

क्रेट ४८ इंची (लांबीला) का, असं विचारलं होतं. मुधोळ मादी खांद्याशी ६८ सेंमीपर्यंत जाते, वर लांब मान. ४२ इंचीची उंची साधारण ३० इंचच असते. आत्ता मात्र मधे आडवी जाळी लावून उभं राहता, वळता, पाय ताणून झोपता येईल एवढीच जागा ठेवली आहे. जागा मोकळी राहिली की एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात लघवी. सोबत आलेल्या जाळीचे हूक दोन धडकांत निघतात, त्यापेक्षा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करून घेतलेली बरी. एक इंची चौकट, कडा घासलेल्या, पावडर कोटिंग. जस्ताचा मुलामा नको. चावून पोटात गेला तर विषबाधा होते. आत गोणपाट टाकू नका, त्याचे दोरे गिळले तर आतडं अडतं. या जातीच्या अंगावर चरबी नाही, कोपरं घासतात, म्हणून चार पदरी वाकळ.

पावसाचं अजून अडतंय. चिखलात पाय ठेवायला ती तयार नाही, भरल्या मूत्राशयानं परत येते. साडेतीन महिन्यांचं पिल्लू दिवसा चारेक तासच धरू शकतं. म्हणून पडवीत दोन फुटी ट्रेमध्ये वाळू आणि वर तिच्याच लघवीचा एक फडका. क्रेटमध्ये सांडलं तर फिनेल नको, एन्झाइमवालं क्लीनर वापरा. अमोनियाच्या क्लीनरचा वास तर तिला लघवीचाच वाटतो. वाळूऐवजी हरळीचा तुकडा कुणी वापरला असेल तर पावसात किती टिकतो ते कळवा.