एक पिन निसटली, घड्याळ राहिलं

आज डाइव्हनंतर सूट उतरवताना छातीत धस्स झालं. घड्याळाला पट्टा जोडणारी एका बाजूची स्प्रिंगची पिन गायब! तरी घड्याळ मनगटावरच होतं. पट्टा नाटो पद्धतीचा, नायलॉनचा, सलग एकच. तो दोन्ही पिनांखालून जातो, त्यामुळे एक गेली तरी दुसरी घड्याळ धरून ठेवते. दोन तुकड्यांचा पट्टा असता तर ते तळाशीच गेलं असतं.

स्टीलचं ब्रेसलेट देखणं, मलाही आवडतं. पण पाण्यात १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, घड्याळाखालचं सूटचं निओप्रीन (फुगीर रबर) दबतं आणि वर घट्ट वाटलेलं ब्रेसलेट खाली मनगटावर फिरायला लागतं. नायलॉनचंही तेच होतं, म्हणून मी तो एक भोक जास्तच आवळते. पिना मात्र उद्याच बदलणार, दोन्ही.