पुड्यामागे तेवीस रुपये

"एका पुड्यामागे तुमच्या हातात किती उरतात?" बिझनेस स्कूलच्या पहिल्याच महिन्यात सरांनी विचारलं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. केलेली बाई, ट्रायकोडर्माच्या ग्रॅमभर पावडरीत किती जिवंत बीजाणू आहेत ते झोपेतून उठवलं तरी सांगेन. हे सांगता येईना. "साठेक," असं ठोकून दिलं.

ट्रायकोडर्मा म्हणजे मुळं कुजवणाऱ्या बुरशांवर जगणारी बुरशी. ती टाल्कमध्ये मिसळून आम्ही नाशिककडच्या द्राक्षबागांना विकतो. कल्पना सिद्ध करायला बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेचं 'बिग' अनुदान होतं, १८ महिने, ५० लाखांपर्यंत. पुढे नोंदणीत वेळ गेला आणि माल बाजारात आला तेव्हा खात्यात दोन महिन्यांचे पगार उरले होते. म्हणून पुण्यातला शनिवार-रविवारचा कोर्स धरला. नवरा म्हणाला, "आता आणखी एक डिग्री?"

त्या रात्री घरी हिशेब मांडला. दुकानदाराला पुडा १६० ला. बनवायला ९४, पाठवायला ९. उरले ५७. म्हणजे माझे साठ बरोबरच की! पण पाचातला एक पुडा मुदत संपून परत यायचा, परतीचं भाडंही आमच्याच माथी. तो धरला तर पाच पुड्यांमागे ११६, पुड्यामागे २३. आणि पगार, जागेचं भाडं अजून जायचंच होतं.

पुढचा गृहपाठ होता, काहीही न विकता गिऱ्हाइकाशी बोलायचं. पिंपळगाव बसवंतच्या एका कृषी सेवा केंद्रात गेले. आमचे पुडे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीला हात लावला तर चटका बसावा अशा जागी रचलेले. काकांनी उधारीची वही उघडून माझ्यापुढे सरकवली. "ताई, छाटणीला नेतात, द्राक्षं गेली की देतात. मग तुम्हाला मी आधी कुठून देऊ?"

शेडमधला एक पुडा घेऊन आले आणि प्लेटवर मोजला. ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू हवेत, निम्मेही नव्हते. "फरक पडत नाही" म्हणणाऱ्या बागायतदारांना मी दोन वर्षं वापरण्याची पद्धत समजावत होते.

स्ट्रॅटेजीच्या तासाला अमेरिकी कंपन्यांच्या गोष्टी ऐकून जांभया आल्या, खोटं कशाला सांगू. पण खेळत्या भांडवलाचा तास मी वहीत जसाच्या तसा उतरवला. आमचा माल ऑगस्टमध्ये बनतो, ऑक्टोबर छाटणीला जातो, पैसे मार्चनंतर. सात महिने आमचा पैसा दुसऱ्याच्या वहीत. विक्री दुप्पट व्हावी म्हणून मी धडपडत होते. झाली असती तर लवकर बुडाले असते.

पुढच्या हंगामात दुकानांना माल देणं बंद केलं. पंधरा-वीस बागायतदारांचे गट, सप्टेंबरात निम्मे पैसे आगाऊ, मागणी येईल तेवढाच माल, बनल्यावर आठवड्यात बागेत. भाव १४०, वाहतूक ११, परतीचा माल नाही; उरले ३५. पुडे तिसऱ्या हिश्शाने कमी खपले. एकूण शिल्लक जवळपास तेवढीच, फक्त ती नोव्हेंबरातच खात्यात होती. पगार पहिल्यांदा एक तारखेला झाले.

डिसेंबरात पिंपळगावच्या काकांचा फोन. "ताई, यंदा माल नाही धाडला?"

"देते की. रोखीनं, आणि पत्र्याखाली ठेवायचा नाही."

ते खूप वेळ हसले. "मला कोण देतंय रोख?" म्हणाले आणि फोन ठेवला.