लायसन्स चेक इनलाइन करताना लिंकरनं काढलेला घाम

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्यांना मी पट्टीचं सॉफ्टवेअर देतो. हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी छापायची, बस. त्याची क्रॅक केलेली कॉपी फिरतेय कळल्यावर डोकं फिरलं.

लायसन्स तपासणारं फंक्शन एकच. त्याच्या तोंडाशीच ‘१ परत दे’ एवढे बाइट घुसवले की कुठूनही बोलवा, उत्तर ‘हो’. फंक्शन इनलाइन केलं तर त्याचा कोड प्रत्येक कॉलच्या जागी उतरतो. मग एक जागा बदलून भागत नाही.

फंक्शन हेडरमध्ये नेलं, पुढं इनलाइन लिहिलं. ऑप्टिमायझेशन (कंपायलरनं कोड वेगवान करणं) चालू असलेला रिलीज बिल्ड झाला. ते बंद असलेल्या डीबग बिल्डला मात्र लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम, म्हणतो, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, म्हणजे फंक्शन सापडत नाही! अरे, फंक्शन समोर दिसतंय की! क्लीन केलं, परत बिल्ड केलं, तेच. जुन्या मशीनवरच्या जीसीसी ४ या कंपायलरवर हाच कोड बिनतक्रार चालत होता, त्यामुळं तर जास्तच संताप. झालं होतं असं: सी९९ च्या, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या मानकाच्या, नियमानं नुसत्या इनलाइन फंक्शनची लिंकरला सापडेल अशी प्रत कंपायलर काढतच नाही. ऑप्टिमायझेशन चालू असलं तर कोड जागेवर उतरतो, प्रतीची गरज पडत नाही. बंद असलं की कॉल उरतो आणि लिंकर बोंबलतो. जुना जीसीसी जीएनयू८९ या त्याच्या जुन्या सी-बोलीच्या रीतीनं ती प्रत काढायचा. २०१५ च्या जीसीसी ५ पासून डिफॉल्ट जीएनयू११ झालं, आणि ते सी९९ चाच नियम पाळतं. एररमध्ये याबद्दल चकार शब्द नाही! ‘स्टॅटिक इनलाइन’ लिहा, सुटाल.

पण बिल्ड झाला म्हणजे कोड उतरला असं धरू नका. पुढं तारखेची तपासणी घालून फंक्शन फुगलं, आणि ऑब्जडम्पमध्ये (तयार बायनरीतला मशीन कोड दाखवणारं टूल) पाहतो तर कॉल परत हजर. स्टॅटिकमुळं लिंकरही गप्प. इनलाइन ही कंपायलरला नुसती विनंती असते. जीसीसीत ‘ऑलवेज इनलाइन’ अ‍ॅट्रिब्यूट लावा. जमलं नाही तर तो सरळ एरर देतो.

हां, आणि बाहेर देण्याआधी बायनरी स्ट्रिप करा, म्हणजे तिच्यातली नावांची यादी काढून टाका, नाहीतर फंक्शनांची नावं उघडी राहतात. सगळीकडे हुबेहूब तेच बाइट उतरले तर शोधून एका दमात बदलता येतात, म्हणून मी मॅक्रोतून ओळ क्रमांक देऊन प्रत्येक जागचा स्थिरांक वेगळा केला. चेक फसल्या फसल्या मेसेज दाखवू नका, त्याचा माग काढतच क्रॅकर चेकपर्यंत पोचतो.

मुरलेला माणूस हेही फोडेल. पण कॉप्या वाटत फिरणारा आमच्या पट्टीसाठी एवढं डोकं घालेल असं मला वाटत नाही.