सिंगापूर ते न्यूअर्क : एकाच प्रवासात दोनदा उजाडलेला मंगळवार

मुलगा सिंगापूरला आणि मुलगी न्यू जर्सीत असल्यामुळे, जगातील सर्वांत लांब पल्ल्याच्या विमानमार्गांपैकी एकावर आम्हा उभयतांना गेल्या जूनमध्ये जावे लागले. सिंगापूर ते न्यूअर्क (न्यूयॉर्कला लागून असलेले न्यू जर्सीतील शहर) हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर आहे आणि त्याचा ताळा शाळेतल्या भूगोलावर जमतो. दोन्ही शहरांच्या रेखांशांत जवळजवळ १८० अंशांचा फरक असल्याने सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. सिंगापूरपासून ध्रुव ८९ अंश, तेथून न्यूअर्क ४९ अंश, म्हणजे एकूण १३८ अंश, आणि एका अंशाचे साधारण १११ किलोमीटर.

प्रत्यक्षात आमचे विमान ध्रुवाकडे फिरकलेच नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरील वेगवान वाऱ्यांचा फायदा घेण्यासाठी ते प्रशांत महासागरावरून गेले. वाट लांबली, तरी वेळ वाचतो. सिंगापूर एअरलाइन्सने ही थेट सेवा २००४ मध्ये सुरू केली होती, ती २०१३ मध्ये थांबली आणि १,६५,००० लिटर इंधन मावणारे एअरबस ए-३५० चे खास विमान आल्यावर २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. वजन आटोक्यात राहावे म्हणून त्यात केवळ १६१ आसने असून साधा इकॉनॉमी वर्गच नाही. तिकीट महाग असते ते त्यामुळेच.

सोमवारी रात्री साडेअकराच्या सुमारास निघालो. जपानच्या पूर्वेला मंगळवार उजाडला, आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच पुन्हा सोमवार झाला, कॅनडावर रात्र पडली आणि सकाळी सहाला न्यूअर्कला उतरताना दुसऱ्यांदा मंगळवार उजाडत होता. उन्हाळ्यात दोन्ही शहरांत नेमका बारा तासांचा फरक असल्याने घड्याळाच्या काट्यांना हात लावावा लागत नाही. हिवाळ्यात मात्र फरक तेरा तासांचा होतो.

या न बदललेल्या घड्याळानेच मला फसवले. रक्तदाबाची सकाळची गोळी मी विमानात, सिंगापूरच्या आठ वाजता घेतली आणि मुलीच्या घरी चहा घेताना पुन्हा आठ वाजलेले पाहून दुसरी गोळी पाकिटातून काढली. सौभाग्यवतींनी हात धरला म्हणून निभावले. मधे बाराच तास गेले होते. नियमित औषधे घेणाऱ्यांनी वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि घेतलेल्या गोळीची वेळ तासांत मोजावी. पायांना सूज येत असेल, तर दाबमोज्यांविषयीही तेव्हाच विचारावे.

प्रीमियम इकॉनॉमीच्या शेवटच्या काही रांगांत खिडकीशी एकेकटी खुर्ची असते. एकट्याने जाणाऱ्यास ती उत्तम, पण वारंवार उठणाऱ्या जोडप्याने मार्गिकेकडील जागा घ्याव्यात. शाकाहारी जेवण किमान एक दिवस आधी नोंदवावे. सामानातील खाद्यपदार्थ अमेरिकेत उतरताना जाहीर करावेतच. ताजी फळे मुळीच नेऊ नयेत. आमच्या रांगेतील एका गृहस्थांचे आंबे तपासणीतच राहिले.

मुंबई-पुण्याहून न्यू जर्सीला जाणाऱ्यांनी केवळ हौसेपोटी हा मार्ग धरू नये. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच आहे. सिंगापूरला जाण्यातच जवळपास चार हजार किलोमीटर उलट्या दिशेने खर्ची पडतात.