कॅम्परची नोंदवही, भाग ३ : शेवटी लहानच गाडी

मागच्या नोंदीत ऐटीत लिहिलं होतं की कॅम्पर, म्हणजे आत झोपून फिरता येईल अशी गाडी, दिवाळीपर्यंत ठरेल. दिवाळी गेली, शिमगा गेला, आता आंबे उतरतायत. उशीर झाला कारण मधेच मी गाड्या बघायचं सोडून गाडीवाले गाठायला लागलो. गुहागरपासून कुडाळपर्यंत नऊ जणांशी बोललो. त्यातल्या सहा जणांच्या गाडीत चपला काढून आडवाही झालो.

सुरुवातीला सगळ्यांना विचारायचो, "गाडी कशी आहे?" सगळ्यांचं उत्तर, "एक नंबर!" एवढे पैसे घालून बसलेला माणूस दुसरं काय सांगणार? मग प्रश्न बदलला. "बसवलेल्यातलं काय काढून टाकलंत?" यावर मात्र माणसं सुटली. चिपळूणच्या एका वहिनींनी तर नवऱ्याला तोंडच उघडू दिलं नाही.

सगळ्यात जास्त वेळा निघालेली वस्तू म्हणजे बाथरूम. मोठ्या गाडीवाल्या चौघांनी ते बांधून घेतलं होतं, त्यातल्या तिघांकडे आज तिथे ओले टॉवेल, खुर्च्या आणि चारकोलची पोती आहेत. वीस लिटरचा सुटा टॉयलेटचा डबा मात्र सगळ्यांनी ठेवलाय. दुसरा नंबर एसीचा. हिशोब सोपा आहे. शंभर अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२.८ व्होल्टने १२८० वॉट-तास. सातशे वॉटचा एसी ती दोन तासांच्या आत संपवतो. तेच पंधरा वॉटचे दोन पंखे रात्रभर, नऊ तास चालवले तर २७० वॉट-तास. वर छोटा कॉम्प्रेसर फ्रिज धरला, ४५ वॉटचा, अर्धा वेळ चालू, की दिवसाचे ५४०. दिवे-मोबाइल ६०. म्हणजे ऊन नसलं तरी दीड दिवस निघतो. मे महिन्यात घाम येतोच, पण तो एसीवाल्यांनाही येतो, कारण त्यांची बॅटरी रात्री बाराला मान टाकते.

सोलरचं शहाणपण देवगडच्या एकाकडून मिळालं. त्याने टपावर छान पॅनेल बसवलं आणि पहिल्याच सहलीत सावली बघून गाडी माडाखाली लावली. पहाटे झावळ आली. नारळ नाही, नुसती झावळ! काच तडकली ती तडकलीच. घाटावरून येणारे पाहुणे असं करतात हे आपण लहानपणापासून बघतो, पण हा बाबा तर माडाच्या बागेतच वाढलेला. टपावर पॅनेल असेल तर गाडी उन्हात लावावी लागते आणि उन्हात लावली तर आत झोपवत नाही. म्हणून मी घडीचं पॅनेल घेणार, लांब वायरचं. गाडी आंब्याखाली, पॅनेल उन्हात.

आता आकाराबद्दल. ट्रॅव्हलर आणि विंगर या दोन्ही मोठ्या व्हॅनच्या मी प्रेमात होतो, खोटं कशाला बोला. आत उभं राहता येतं, आणि पावसात ही चैन फार मोठी आहे. पण दोन्ही पाच मीटरच्या वर. आमच्या वाडीत शिरताना दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आहेत. सर्वात अरुंद जागी टेप लावला तर सात फुटांना तीन बोटं कमी. तिथल्या एका चिऱ्यावर निळ्या रंगाचा ओरखडा आहे, तो कोणत्या टेम्पोचा हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. ज्या गाडीला रात्री स्वतःच्या अंगणात येता येत नाही ती घेऊन वेळणेश्वर-हेदवीची वळणं काय कपाळ घेणार?

दुसरी गोष्ट फेरीबोटीची. रेवस ते रेडी सागरी रस्त्याने फिरायचं तर दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा खाड्या बोटीनेच ओलांडाव्या लागतात, नाहीतर भलामोठा वळसा. भरतीला गाडी बोटीवर सरळ चढते. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांचा कोन बदलतो आणि मागच्या चाकांच्या मागे लांब शेपूट लोंबणारी गाडी तिथे बूड घासते. दोघांनी मला गाडीखाली वाकायला लावून घासलेला बंपर दाखवला. ब्रोशरमध्ये गाडीची लांबी असते. मागच्या चाकापासून बंपरपर्यंत किती, ते टेप लावून स्वतःच बघायला लागतं.

कुडाळच्या काकांकडे जुनी ओम्नी आहे. ते म्हणाले, "मोठी गाडी घेव नको रे, मगे बसशीत रडत." त्यांनी पडदा बाजूला करून आतलं जग दाखवलं. एक पलंग, खाली तीन क्रेट, एक पंखा, मच्छरदाणी. वीस मिनिटांत दाखवून झालं. उभं राहता येत नाही त्याचं काय, विचारलं तर म्हणाले, पँट घालताना तेवढा त्रास, म्हणून लुंगी.

तर ठरली ती मारुतीची ईको. वापरलेली, पेट्रोल, पाच सीटची. लांबी ३६७५ मिलिमीटर, रुंदी १४७५, उंची १८२५. आमच्या गडग्यातून आरसे न मिटता जाते. सीएनजीची मुद्दाम घेतली नाही, कारण टाकी मागे बसते आणि नेमकी आपल्या पायाची जागा खाते. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे चालवताना बुडाला ऊब लागते. रत्नागिरीहून घरी येईपर्यंत मेमध्ये ती पुरेशी कळली. रात्री पोचल्या पोचल्या झोपायचं असेल तर अर्धा तास दारं उघडी ठेवायची, हा ओम्नीवाल्या काकांचाच सल्ला.

गाडी कापायची-जोडायची नाही हे आधीच ठरवलं होतं. गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. छप्पर उंच करणं, खिडकी पाडणं वगैरे स्वप्नं बघायची तर मोटर कॅराव्हॅनचे नियम, मंजुरी, सगळं आलं. माझा पलंग सुटा आहे. मागची सीट पुढे दुमडायची, वर फळ्यांची घडी उलगडायची. मी पाच फूट सहा, पाय किंचित दुमडून मावतो. बायको सरळ झोपते आणि वर म्हणते, जागा ऐसपैस आहे की!

लाकडाच्या बाबतीत कंजुषी करू नका, हे सहाही जणांनी सांगितलं. एकाने पहिल्या वर्षी एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुशाची, कपाटं करून घेतली, श्रावणापर्यंत कडा मारी बिस्किटासारख्या फुगल्या. मी आयएस ७१० चा, म्हणजे ओलाव्यात टिकणारा, मरीन प्लाय घेतला, कापलेल्या प्रत्येक कडेला दोन हात पॉलिश. गादीखाली अखंड फळी नको, पट्ट्या हव्यात, बोटभर फट सोडून. आपल्या श्वासाची वाफ गादीखाली जमते आणि चार दिवसांत बुरशीचे काळे ठिपके दिसतात. गादी काथ्याची घेतली. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. खाऱ्या हवेत ३०४ वरही तांबूस डाग येतात आणि साधा लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमच्या पट्टीत मारला तर पट्टीच खाऊन टाकतो. हे मला सांगितलं ते होडीचं काम करणाऱ्या मिस्त्रीने, गाडीवाल्याने नाही. तेव्हापासून गाडीचे प्रश्न मी बंदरावर विचारतो.

स्वयंपाक मागचं दार वर करून त्याच्याखाली, बाहेर. आत बांगडा तळायचा नाही. हा अनुभव माझा स्वतःचा, उसन्या गाडीतला. पडदे दोनदा धुवून परत केले तरी मित्र अजून वास येतो म्हणतो.

कामाची स्थिती : पंखे आले, वायरिंग अर्धं झालंय, फ्यूज बॉक्स कुठे बसवायचा यावरून इलेक्ट्रिशियनशी अबोला आहे. पलंगाच्या सहापैकी चार फळ्या तयार. उरलेल्या दोन पॉलिशला पडवीत काढल्या होत्या. काल बघतो तर आतेने त्यांवर कोकमाची सोलं वाळत घातलेली. म्हटलं, "आते, हा पलंग आहे." म्हणाली, "मग ऊन कुठे सरकतंय त्याचं? मिरगाच्या आधी देते."