संत लुईच्या मागावर: प्वासीपासून एग-मोर्तपर्यंत

फ्रान्सच्या राजांपैकी कॅथलिक चर्चने संतपद दिलेला एकच, नववा लुई. जन्म 25 एप्रिल 1214, मृत्यू 25 ऑगस्ट 1270, संतपद 1297 मध्ये पोप आठवे बोनिफास यांच्याकडून. पॅरिसला जाणारे बहुतेक जण त्याने बांधवलेलं सेंत शापेल हे प्रार्थनागृह पाहतात, फोटो काढतात आणि निघतात. ती वास्तू अप्रतिम आहे, पण तिथे त्याच्या श्रद्धेची एकच बाजू दिसते. अनवाणी चालणारा, दगड वाहणारा, कुष्ठरोग्याला स्वतःच्या हाताने घास भरवणारा लुई समजायचा तर शहराबाहेर पडावं लागतं. आमचा क्रम होता प्वासी, सेंत शापेल, नोत्र-दाम, राजांच्या समाध्यांचं सें-दनी चर्च, र्वायोमाँचा मठ आणि शेवटी दक्षिणेला एग-मोर्त हे जुनं बंदर. पुढे जाणाऱ्यांनीही हाच ठेवावा, कारण तो त्याच्या जन्मगावापासून शेवटच्या प्रस्थानापर्यंत जातो.

आधी प्रवासाचं. 2025 पासून पॅरिस आणि आसपासच्या संपूर्ण इल-द-फ्रान्स प्रदेशात मेट्रो, आरईआर (उपनगरांत जाणारी जलद रेल्वे) आणि लोकल गाड्यांना अंतर कितीही असो, एकच दर आहे (विमानतळाचं तिकीट वेगळं). त्यामुळे प्वासी किंवा र्वायोमाँला जायला वेगळा हिशेब करावा लागत नाही. तिकिटं भरायचं नाविगो ईझी कार्ड माणशी एक लागतं, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. पॅरिस म्युझियम पासमध्ये सेंत शापेल, काँसिएर्जरी, सें-दनीची समाधिस्थळं आणि व्हँसेनचा किल्ला येतो. पण पास असला तरी सेंत शापेलसाठी वेळ आरक्षित करावीच लागते. हे न कळल्यामुळे पास हातात धरून दारातून परतणारे बरेच दिसतात.

प्वासी हे लुईचं जन्मगाव. पत्रांवर तो स्वतःची सही ‘प्वासीचा लुई’ अशी करत असे. राज्याभिषेक रँसला झाला, पण बाप्तिस्मा प्वासीला, आणि त्याच्या लेखी मोठा मान बाप्तिस्म्याचा. आरईआर ‘ए’ने जाताना फलकावर शेवटचं स्थानक पाहूनच चढा, कारण पश्चिमेला या मार्गाला तीन फाटे फुटतात: सें-जर्मँ, सेर्जी आणि प्वासी. सें-लाझार स्थानकातून ‘जे’ मार्गाची लोकलही जाते. स्थानकापासून कॉलेजियल चर्च पायी जवळ आहे. आत बाप्तिस्मा-कुंडाचा उरलेला दगड आहे. त्याचा आकार असा झिजलेला का, हे माहीत असल्याशिवाय तो पाहण्यात अर्थ नाही. ताप उतरावा म्हणून लोक शतकानुशतकं या दगडाची भुकटी खरवडून पाण्यातून पीत. चर्च चालतं आहे, लग्न किंवा अंत्यविधी असेल तर आत फिरता येत नाही. शनिवारची दुपार टाळलेली बरी.

आता सेंत शापेल. इथे घाई करू नका, निदान दीड तास हाताशी ठेवा. हे प्रार्थनागृह न्यायालयाच्या आवारात आहे, त्यामुळे तपासणी विमानतळासारखी कडक होते. चाकू, कात्री, काचेची बाटली आत नेता येत नाही. आरक्षणाच्या वेळेआधी वीस-पंचवीस मिनिटं रांगेत असावं. 2026 पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पर्यटकांना इथे जास्त दर आहे, तेव्हा भारतीय पासपोर्टवाल्यांनी जुन्या माहितीवर अंदाजपत्रक आखू नये.

ही इमारत म्हणजे एका पवित्र अवशेषासाठी बांधलेलं दगडी संपुट आहे. कॉन्स्टँटिनोपलचा लॅटिन सम्राट दुसरा बाल्डविन याने येशूचा काटेरी मुगुट व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे गहाण ठेवला होता. लुईने तो 1,35,000 लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजून सोडवून घेतला. प्रार्थनागृह बांधायला सुमारे 40,000 लिव्र लागले. म्हणजे घरापेक्षा आत ठेवलेल्या वस्तूचं मोल तिपटीहून जास्त. ऑगस्ट 1239 मध्ये राजा आणि त्याचा भाऊ रोबेर यांनी अंगावर साधा अंगरखा घालून, अनवाणी, मुगुट खांद्यावरून सांस शहरात नेला. पादुका खांद्यावर घेऊन चालणाऱ्या वारकऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. 26 एप्रिल 1248 रोजी शापेलचं अभिषेकविधीने समर्पण झालं आणि चारच महिन्यांनी राजा क्रूसयुद्धावर निघाला.

खालचं प्रार्थनागृह राजवाड्यातल्या नोकरवर्गासाठी होतं. ते चटकन पाहून अरुंद गोल जिन्याने वर जा. वर 15 खिडक्या आणि 1,113 प्रसंग आहेत, जवळपास दोन तृतीयांश काच तेराव्या शतकातली. नुसतं मान वर करून पाहिलं तर निळा-लाल झगमगाट दिसतो आणि दहा मिनिटांत मान दुखते. खिडक्या बायबलमधल्या पुस्तकांच्या नावाने ओळखल्या जातात. वाचायची पद्धत अशी: आत आल्यावर डाव्या हाताची, दाराजवळची खिडकी उत्पत्तीची. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने निर्गम, गणना, अनुवाद-यहोशवा, मग वेदीमागच्या सात खिडक्या (मधोमध ख्रिस्ताचं दुःखसहन), आणि परत उजव्या भिंतीने यहूदीथ-ईयोब, एस्तेर, राजे. प्रत्येक खिडकी साधारणपणे खालून वर आणि डावीकडून उजवीकडे वाचायची. शेवटची, उजवीकडची दाराजवळची खिडकी अवशेषांची. तिच्यात सम्राट कॉन्स्टँटाइनची आई हेलेना हिने येशूचा क्रूस शोधण्यापासून लुईने मुगुट आणण्यापर्यंतची कथा आहे. ही खिडकी मात्र नांगर चालतो तशी वाचायची, एक ओळ डावीकडून उजवीकडे, वरची उजवीकडून डावीकडे. हे माहीत नसेल तर प्रसंगांची सरमिसळ होते. तिचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकात नव्याने केलेला आहे, तेही लक्षात असू द्या.

जवळून पाहण्यासारखी एक गोष्ट सांगतो. गणनाच्या खिडकीत इस्रायलच्या वंशप्रमुखांचे राज्याभिषेक पुन्हा पुन्हा येतात, आणि काचेच्या पार्श्वभूमीत सगळीकडे पिवळ्या बुरुजांची आणि लिलीच्या फुलांची नक्षी आहे. लिली फ्रान्सची, बुरूज कॅस्टिलचा, म्हणजे त्याची आई ब्लाँश हिच्या माहेरचा. बारा वर्षांचा असताना लुईच्या डोक्यावर मुकुट आला आणि राज्य आईने सांभाळलं. ते ऋण या काचेत आहे. वरचे प्रसंग जमिनीपासून बारा-चौदा मीटर उंच, तेव्हा आठ पटीची छोटी दुर्बीण हवीच. ऊन असलेल्या दुपारी दक्षिणेच्या खिडक्या इतक्या उजळतात की बारीक रेषा हरवतात. प्रसंग वाचायचे असतील तर ढगाळ सकाळ उत्तम. पश्चिमेची गोल खिडकी पंधराव्या शतकाच्या शेवटची, तिचा लुईशी संबंध नाही. ती संध्याकाळच्या उन्हात पाहावी.

मुगुट आता इथे नाही. राज्यक्रांतीत सोन्या-चांदीचं संपुट वितळवलं गेलं, मुगुट वाचला आणि 1806 पासून नोत्र-दामकडे आहे. 15 एप्रिल 2019 च्या आगीतून तो बाहेर काढला गेला आणि डिसेंबर 2024 मध्ये कॅथेड्रल उघडल्यावर परत आला. दर्शन साधारणपणे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी दुपारी 3 वाजता असतं. उन्हाळ्यात खंड पडतो, म्हणून कॅथेड्रलचं वेळापत्रक पाहून विमानाची तारीख ठरवा, उलट नको. प्रवेशाला पैसे नाहीत. मोफत आरक्षण फार आधी उघडत नाही, भेटीच्या दोनएक दिवस आधी पाहावं. नाही मिळालं तरी रांगेतून आत जाता येतं. मोठी बॅग चालत नाही. ज्यांनी काटे दिसण्याची अपेक्षा धरली त्यांची निराशा होते. काटे मध्ययुगातच वेगवेगळ्या राजांना आणि चर्चना वाटले गेले. उरलं आहे ते गवताच्या काड्यांचं, सोनेरी धाग्याने बांधलेलं, सुमारे 21 सेंटिमीटर व्यासाचं कडं, स्फटिकाच्या नळीत. रांग पुढे सरकत असते, क्षणभरच थांबता येतं. लुईचा म्हणून जपलेला जाडाभरडा अंगरखाही याच कॅथेड्रलच्या खजिन्यात आहे.

नोत्र-दामपासून पायी काही मिनिटांवर, नदीपलीकडे, नगरपालिकेसमोरचं पटांगण आहे. तेव्हाचं प्लास द ग्रेव्ह. 1240 मध्ये ज्यूंच्या ताल्मूद या धर्मग्रंथावर खटल्यासारखा वाद घडवून पुढे 1242 मध्ये त्या ग्रंथाच्या हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या इथे जाळल्या गेल्या, लुईच्या राज्यात आणि त्याच्या संमतीने. 1269 मध्ये ज्यूंनी कपड्यावर ओळखचिन्ह लावावं असा हुकूमही त्याचाच. त्याची भक्ती खरी होती, आणि हेही त्याच भक्तीतून आलं. संतचरित्र वाचणाऱ्याने हा थांबा वगळू नये.

सें-दनीला मेट्रो 13 ने जायचं. हा मार्ग ला फूर्शला दुभंगतो, तेव्हा ‘सें-दनी उनिव्हेर्सिते’ लिहिलेली गाडीच घ्या. चर्चचा मुख्य भाग मोफत, राजांच्या समाध्यांना तिकीट. रविवारी सकाळी मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) असते, समाध्या दुपारी उघडतात. बरेच जण इथे लुईची समाधी शोधत फिरतात आणि ती सापडत नाही. ती पुढच्या काळातल्या युद्धांत नष्ट झाली. त्याऐवजी त्याने काय करवून घेतलं ते पाहा. 1263-64 च्या सुमारास त्याने आपल्या पूर्वजांच्या 16 दगडी मूर्ती एकदम घडवून घेतल्या, त्यातल्या 14 आजही आहेत. सगळे चेहरे सारखे, डोळे उघडे, कारण मूर्तिकारांनी त्यांना पुनरुत्थानाची वाट पाहणारे दाखवलं आहे. त्याच्या दोन लहानपणी गेलेल्या मुलांच्या, झाँ आणि ब्लाँश यांच्या, मिनाकारी केलेल्या तांब्याच्या समाध्या चुकवू नका. त्या मूळच्या र्वायोमाँच्या.

जेवणासाठी सोय सांगून ठेवतो. गार द्यु नोर स्थानकाच्या मागे ला शापेल भागात तमिळ खाणावळी आहेत. डोसा, भात, शाकाहारी थाळी सगळं मिळतं. र्वायोमाँची गाडी इथूनच सुटते, त्यामुळे डबा बांधून घ्यावा. मठाच्या आसपास पर्याय फार नाहीत.

र्वायोमाँ ही या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची जागा, आणि सर्वांत कमी लोक जातात ती. ‘एच’ मार्गाची लुझार्शकडची लोकल, व्हियार्म स्थानक, पुढे चारेक किलोमीटर. स्थानकाबाहेर टॅक्सी उभी नसते, जाण्या-येण्याची दोन्ही वेळा आधी ठरवून ठेवा. वडिलांच्या इच्छेनुसार लुई आणि ब्लाँश यांनी 1228 मध्ये हा सिस्टर्शियन (कॅथलिक साधूंचा एक पंथ) मठ स्थापला. बांधकाम चालू असताना तरुण राजा साधूंबरोबर दगडांचं स्ट्रेचर उचलत असे, आणि काम करताना गप्प राहायचं हा मठाचा नियम भावांनाही पाळायला लावी. शंभर मीटरहून लांब असलेलं चर्च राज्यक्रांतीत पाडलं गेलं. आता जमिनीवर खांबांचे बुंधे आणि एका कोपऱ्यात उभा राहिलेला उंच जिन्याचा मनोरा एवढंच आहे. भोजनगृह मात्र शाबूत आहे, मधोमध बारीक खांबांची एक ओळ. लुई इथे साधूंना वाढायला येई. भांडी गरम असत म्हणून तो आपल्या झग्यात हात गुंडाळून ती धरी. झगा खराब होतोय असं मठाधिपतींनी म्हटलं तर, असू दे, माझ्याकडे दुसरे आहेत, असं त्याचं उत्तर. लेजे नावाच्या कुष्ठरोगी साधूपाशी तो गुडघे टेकून बसे आणि घास करून भरवी. मठात आज संगीत आणि कलांचं केंद्र चालतं, कार्यक्रमांच्या दिवशी काही दालनं बंद असू शकतात.

व्हँसेनला लोक ओकचं झाड शोधायला जातात. मिस्सेनंतर लुई झाडाला टेकून बसे आणि कोणीही थेट येऊन गाऱ्हाणं मांडू शके, असं त्याचा सहचर ज्वँव्हील सांगतो. ते झाड नाही, आणि आजचा प्रचंड बुरूज त्याच्यानंतरच्या शतकातला. वेळ कमी असेल तर हे सोडा.

एग-मोर्तसाठी पॅरिसच्या गार द लियाँहून नीमपर्यंत वेगवान गाडी, सुमारे तीन तास. नीमहून प्रादेशिक रेल्वे किंवा बस. रेल्वेफेऱ्या थोड्या आणि काही बसने बदललेल्या असतात, म्हणून परतीची शेवटची वेळ आधी पाहून ठेवा. भूमध्य समुद्रावर राजाच्या ताब्यात बंदर नव्हतं, म्हणून दलदलीत हे गाव वसवलं. 1248 मध्ये 25 ऑगस्टला इथून तो इजिप्तकडे निघाला. दमिएत्ता जिंकलं, मन्सूराला भाऊ रोबेर मारला गेला, 1250 मध्ये तो स्वतः कैद झाला आणि खंडणी देऊन सुटला. 1270 च्या जुलैत पुन्हा इथूनच निघाला तो ट्युनिसजवळ आजाराने गेला.

तटबंदी पाहून तिलाच लुईची समजू नका. ती त्याच्या मुलाने आणि नातवाने बांधली. त्याचा आहे तो कोपऱ्यातला काँस्तान्स बुरूज, सहा मीटर जाडीच्या भिंतींचा. आधी बुरूज चढा, मग तटावरून दीडएक किलोमीटरची फेरी करा. वर सावली कुठेच नाही आणि वारा जोराचा, टोपीला दोरी हवी. उन्हाळ्यात संध्याकाळी डास भयंकर, मलम बरोबर असू द्या. ऑगस्टअखेर संत लुईचा उत्सव असतो. वातावरण पाहायचं असेल तर तेव्हा जा, बुरूज शांतपणे पाहायचा असेल तर मे किंवा सप्टेंबरअखेर. उत्सवाच्या दिवसांत गावात खोली मिळणं कठीण, नीमला मुक्काम करून सकाळच्या पहिल्या गाडीने यावं. बुरुजाच्या गच्चीवरून खाऱ्या तळ्यांपलीकडे समुद्र बराच लांब दिसतो. गलबतं कालव्यातून बाहेर काढावी लागत, आणि गाळ भरत गेल्यामुळे पुढे हे बंदर मागे पडलं.