सोफिया चौकातला आवाज

आज लोकलमध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘हे हे राइज अप’ पुन्हा पुन्हा ऐकत आले. एप्रिल 2022 चं युद्धविरोधी गाणं. 1994 नंतर बँडने पूर्णपणे नवं असं काही केलं नव्हतं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि बँडमधले डेव्हिड गिल्मर, निक मेसन युक्रेनसाठी उभे राहिले. गिल्मरची सून युक्रेनियन, म्हणजे झळ थेट घरात.

गातो मात्र युक्रेनचा गायक आंद्री ख्लिव्हन्युक. अमेरिकेचा दौरा सोडून तो मायदेशी परतला आणि लष्करी वेषात, बंदूक अडकवून, कीव्हच्या सोफिया चौकात 1914 सालचं युक्रेनियन देशभक्तीचं गाणं म्हणाला. साथीला एकही वाद्य नाही. बँडने तोच आवाज घेऊन त्याभोवती संगीत बांधलं. कीबोर्डवर नितीन साहनी. मध्येच आवाज थांबतो आणि गिल्मरची गिटार तोच सूर पुढे नेते, तिथे दरवेळी अंगावर काटा येतो.

गिल्मरशी बोलणं झालं तेव्हा आंद्री जखमी होऊन हॉस्पिटलात होता. गाण्याचे पैसे युक्रेनच्या मदतीला गेले.

बंदूकवाल्याचं गाणं युद्धविरोधी कसं, असं मैत्रिणीने विचारलं. अगं, घरावर चालून आलेल्याला ठामपणे ‘नाही’ म्हणणं हा युद्धाला विरोधच आहे. ऐकलं नसेल तर आज ऐकाच, व्हिडिओसकट.